साखरेतला खडा

दिवाळीच्या तोंडावर माणसाने कोठेही जावे, पण रक्त तपासून घ्यायला जाऊ नये, असे आमच्या सौभाग्यवतीचे ठाम मत आहे. घरात अनारशांचे तांदूळ भिजत पडलेले, चकलीची भाजणी दळून आलेली, आणि अशा वेळी घरच्या कर्त्या पुरुषाने हातात चिठ्ठी घेऊन ‘तुमची शुगर वाढली आहे’ म्हणून परत यावे, याला काय म्हणावे? पण डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून गेल्या दिवाळीच्या चार दिवस आधी, सकाळी उपाशीपोटी, मी आमच्या गावातल्या रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये जाऊन बसलो.

ही लॅब माझा एक जुना विद्यार्थी चालवतो. आमचे गाव तालुक्याचे. तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवल्यावर गावात कोठेही गेले तरी एखादा विद्यार्थी निघतोच; एस.टी.च्या खिडकीत, बँकेच्या काउंटरवर, आणि आता हातात सुई घेऊनही! त्याने मला आदराने बसवले, बाही वर करायला सांगितले, आणि त्याच क्षणी माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली. तेथे काचेच्या चौकटीत एक पाटी होती. वर लाल अक्षरांत लिहिले होते, ‘शुगर म्हणजे सु + गर. साहेबाने शब्दही आपलाच नेला!’ आणि खाली बारीक अक्षरांत, ‘आमच्या सरांची शिकवण.’

सुई टोचल्याचे मला कळलेच नाही. त्या पाटीनेच मला जास्त टोचले होते.

एका तासाची गोष्ट

ती गोष्ट १९९२ सालची. आठवीचा वर्ग, जेवणाच्या सुटीनंतरचा तास. मुले पेंगत होती. वर्ग जागा करायला मी एक युक्ती नेहमी वापरत असे. एखादा इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायचा आणि तो संस्कृतातून कसा निघाला ते सांगायचे. त्या दिवशी मी ‘शुगर’ लिहिला. ‘सु’ म्हणजे चांगला, ‘गर’ म्हणजे फळातला गर. चांगला गर तो सुगर, त्याची साहेबाने केली शुगर! ही व्युत्पत्ती मी कोठे तरी एका व्याख्यानात ऐकली होती. मला ती आवडली होती, आणि आवडली म्हणून मी ती खरी धरली होती.

वर्ग खूश झाला. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचा एक किडकिडीत मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, पण मग आपण साखर का म्हणतो? सुगर का नाही म्हणत?”

वाचकहो, शिक्षकाला उत्तर येत नसले म्हणजे तो काय करतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. मी म्हणालो, “बस खाली. फार शहाणा आहेस!” वर्ग हसला. मुलगा लाल होऊन खाली बसला.

माझी व्युत्पत्ती चुकीची आहे हे पुढे चार-पाच वर्षांत मला कळलेही. पण तोवर ती तुकडी शाळेतून निघून गेली होती. आता कोणाला शोधत बसायचे, म्हणून मी गप्प राहिलो. आणि तो किडकिडीत मुलगा मात्र मोठा झाला, लॅब काढून बसला, आणि येणाऱ्या प्रत्येक रोग्याला माझी थाप माझ्याच नावावर सांगत राहिला!

“सर, त्या दिवशी तुम्ही रागावलात,” बोटाला कापूस दाबत तो म्हणाला, “पण शब्द डोक्यात पक्का बसला बघा.”

मी काहीच बोललो नाही. घरी आलो आणि ठरवले, की हे ऋण फेडायचे. शुगर हा शब्द खरोखर कोठून आला ते पहिल्या पायरीपासून नीट लिहून काढायचे आणि त्याच्या हाती द्यायचे. तेच लिखाण आज वाचकांपुढे ठेवत आहे.

उलट्या पावलांनी

शब्दाचे मूळ शोधायचे म्हणजे चोराचा माग काढायचा. आज जेथे तो सापडला तेथून एकेक पाऊल मागे जायचे. मधली पावले गाळून उडी मारायची नाही. माझ्या ‘सु + गर’ची चूक हीच. मी इंग्लंडातून थेट आमच्या अंगणात उडी मारली होती.

इंग्रजी लेखनात हा शब्द तेराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. त्या वेळी इंग्लंडात साखर औषधासारखी, राजेरजवाड्यांच्या घरी तोळामासाने यायची. तेव्हाचे शब्दाचे रूप सुक्र, सुग्र अशा धर्तीचे होते. आज त्याच्या आरंभी जो ‘श’ ऐकू येतो, तो त्यात नव्हता. इंग्रजीत पुढे ‘स’ला लागून ‘यु’सारखा उच्चार आला, दोहोंचा मिळून ‘श’ झाला, आणि शब्द ‘शुगर’ बनला. ‘शुअर’ हा शब्दही असाच घडला. लिहिताना मात्र दोन्ही शब्द अजून ‘एस’नेच लिहावे लागतात, आणि आमची पोरे स्पेलिंगला रडतात ती त्यामुळे.

म्हणजे शुगरमधला ‘श’ हा शर्करेतला ‘श’ नव्हे! दोन्ही सारखे दिसतात, पण एक इंग्लंडात जन्मला आणि दुसरा येथे. शब्दांच्या शोधात सारखेपणाइतका फसवा साक्षीदार दुसरा नाही. तोंडावळा पाहून नाते ठरवायचे नसते, कुळाची वही पाहावी लागते.

इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंच आजही ‘स्युक्र’ म्हणतात. येथेच शुगरमधला ‘ग’ही गळून पडतो आणि त्याच्या जागी ‘क’ दिसतो. ‘गर’ संपला! इटालियन भाषेत ‘झुक्केरो’, जर्मनमध्ये ‘त्सुकर’, मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सुक्कारुम’. सगळीकडे ‘क’. आणि या साऱ्यांच्या मागे उभा आहे अरबी शब्द ‘सुक्कर’.

अरबांनी उसाचे बेणे आणि साखर करण्याची विद्या इजिप्त, सिसिली आणि स्पेनपर्यंत नेली. मालाबरोबर नाव गेले. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत साखरेला ‘आसूकार’ म्हणतात. त्यातला आरंभीचा ‘आ’ म्हणजे अरबीतला ‘अल’ हा उपपद-शब्द. ‘अल-सुक्कर’ अरबीत ‘अस्-सुक्कर’ असे उच्चारतात. स्पेनच्या शेतकऱ्याने बाजारात जसे ऐकले तसे, टोपीसकट, उचलले.

अरबांनी तो घेतला इराणातून. सातव्या शतकात त्यांनी इराण जिंकला, तेव्हा तेथे खूजिस्तानच्या मुलखात उसाची लागवड आणि साखरेचा धंदा होता. फारसीत साखर म्हणजे ‘शकर’. येथे पुन्हा ‘श’ येतो, पण हा खरा, जुना ‘श’. फारसीतल्या ‘श’चा अरबीत ‘स’ व्हावा, हे काही साखरेपुरतेच घडलेले नाही. इराणातल्या नैशापूर शहराला अरब ‘नैसाबूर’ म्हणतात. असा दुसरा दाखला मिळाला म्हणजे मग शोधणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

आणि इराणच्या सीमेवर उभे राहिले की पलीकडे आपला मुलूख. तेथे शब्द आहे ‘शर्करा’.

‘ख’ची साक्ष

येथवर आल्यावर मला त्या किडकिडीत मुलाचा प्रश्न पुन्हा आठवला. मग आपण साखर का म्हणतो?

शर्करा हे संस्कृत रूप. त्यात ‘ख’ नाही. पण पाली भाषेत तोच शब्द ‘सक्खरा’ असा आहे. जोडाक्षर सैल झाले, ‘र’ विरघळला, ‘क’चा ‘ख’ झाला. पुढे मराठीत जोड-‘ख’ एकेरी झाला आणि त्याचे ओझे मागच्या स्वराने घेतले. सक्खराची झाली साखर. हस्ताचा हत्थ आणि हत्थाचा हात झाला, त्याच वळणाने.

आता गंमत पाहा. युरोपात हा शब्द दोनदा गेला. अरबांच्या मार्गाने गेला ती दुसरी खेप. पहिली खेप त्याच्या कित्येक शतके आधीची, ग्रीकांच्या मार्गाने. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात सिंधूच्या मुलखातून गेला. हिंदुस्थानात मधमाश्यांवाचून बोरूतून मध निघतो, असे त्याने लिहून ठेवल्याचे स्ट्रॅबो सांगतो. त्याला नाव कळले नव्हते, नुसते नवल वाटले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मात्र नावही पोहोचले. डायोस्कोरिडीझ नावाच्या ग्रीक वैद्याने आपल्या औषधींच्या ग्रंथात त्या पदार्थाची नोंद केली. हा एक प्रकारचा घट्ट झालेला मध असून तो दाताखाली मिठासारखा कुरकुरतो, असे त्याने वर्णन केले. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या खलाशांच्या माहितीपुस्तकात भडोचच्या बाजूने आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालात तूप, तांदूळ, तिळाचे तेल, सुती कापड आणि बोरूचा मध यांची नावे आहेत.

या पुस्तकांत ग्रीकांनी लिहिलेले नाव आहे ‘साक्खारॉन’, ‘साक्खारी’. त्यात जे ग्रीक अक्षर आहे त्याचा त्या काळचा उच्चार ‘ख’ असा होता. शर्करेत नसलेला, पण सक्खरेत आणि आमच्या साखरेत असलेला तो ‘ख’!

याचा अर्थ उघड आहे. ग्रीक खलाशांना हा शब्द कोणी पंडिताने पोथी उघडून शिकवला नाही. बंदरावर गोण्या मोजणाऱ्या, भाव करणाऱ्या, प्राकृत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून त्यांनी तो ऐकला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कोणा अनाम हमालाचा वा वाण्याचा उच्चार ग्रीक अक्षरांत जसाच्या तसा राहिला आहे.

आठवीतल्या त्या मुलाने नेमके त्याच जागी बोट ठेवले होते. आणि मी त्याला खाली बसवले होते!

मुळात गोड नव्हेच

पण माग येथे संपत नाही. शर्करा हा शब्द तरी मुळात साखरेसाठी होता का?

नव्हता. शर्करा म्हणजे खडे. नदीकाठचे बारीक गोटे, कंकर, खर. शतपथ ब्राह्मणात पृथ्वी कशी घट्ट होत गेली ते सांगताना फेस, माती, वाळू, मग शर्करा, मग दगड आणि शेवटी लोखंड-सोने असा क्रम दिला आहे. पाणिनीने आपल्या पाचव्या अध्यायात वाळूवाचक ‘सिकता’ आणि ‘शर्करा’ हे शब्द जोडीने घेतले आहेत, आणि रेताड व खडकाळ जमिनीची नावे त्यांपासून कशी होतात ते सांगितले आहे. पालीतल्या ‘सक्खरा’चेही दोन्ही अर्थ आहेत, खडा आणि साखर. वैद्यकात सुश्रुताने मुतखड्याच्या प्रकरणात, खडा फुटून त्याची बारीक खर पडू लागली म्हणजे तिलाही शर्कराच म्हटले आहे.

मग खड्याचे नाव गोड पदार्थाला कसे मिळाले? ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला हे समजावून सांगायला नको. उसाचा रस काहिलीत आटवत न्यायचा, वर येणारी मळी काढत राहायचे. आधी काकवी होते, आणखी आटवली की गूळ होतो. पण पाक योग्य वेळी उतरवून सावकाश निवू दिला, तर त्यात दाणे धरू लागतात. वरची पातळ काकवी निथळून गेली की खाली कोरडे, दाताखाली वाजणारे कण उरतात. ज्याने ते पहिल्यांदा मुठीत घेतले त्याला नदीकाठची खर आठवली, आणि तो म्हणाला, ही तर शर्करा! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या जिनसा सांगताना फाणित म्हणजे काकवी, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी नावे आली आहेत. यातली मत्स्यंडिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी रवाळ साखर. नाव देणाऱ्यांचे डोळे किती तीक्ष्ण होते पाहा! गोडी सगळ्यांतच होती. ते नावे देत होते ती दाण्याला.

हीच गोष्ट चिन्यांनी केली. घट्ट साखरेला जुन्या चिनी ग्रंथांत ‘शी-मी’ म्हटले आहे. त्याचा अर्थ दगडी मध. थांग घराण्याच्या ताइत्सुंग बादशहाने सातव्या शतकात, आपल्याकडे हर्षाचा काळ होता तेव्हा, साखर करण्याची कृती शिकून यायला मगधात माणसे पाठवल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. आणि आज उत्तरेत साखरेला ‘चिनी’ म्हणतात, खडीसाखरेला ‘मिश्री’, म्हणजे मिसरची, इजिप्तची! शिकवणाऱ्याच्या घरात शिष्यांची नावे लागली.

आणि आपली खडीसाखर? सडकेवर पसरतात तीही खडी, आणि देवापुढे ठेवतो तीही खडीच. शर्करेचा मूळ अर्थ कोणाच्याही ध्यानात उरला नसताना मराठी माणसाने साखरेला पुन्हा खडा जोडून दिला.

एकाच घरची माणसे

खड्याच्या या घराण्यातले लोक इंग्रजीत आणखीही आहेत. ते एकमेकांना ओळखत नाहीत, इतकेच.

पोर्तुगीज मलबारच्या किनाऱ्यावर उतरले. मल्याळम भाषेत शर्करा म्हणजे गूळ. त्यांनी त्याचे ‘जागरा’ केले, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ‘जॅगरी’.

ग्रीकांचा ‘साक्खारॉन’ लॅटिनमध्ये ‘साक्खारुम’ होऊन वैद्यांच्या पुस्तकांत राहिला होता. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फाल्बर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करत होता. संध्याकाळी हात नीट न धुता जेवायला बसला, तो पाव भलताच गोड लागला. बोटांना लागलेले ते द्रव्य साखरेच्या तीन-चारशे पट गोड होते. त्याला नाव दिले ‘सॅकरिन’. उसाशी काडीचा संबंध नाही, पण कुळनाम तेच.

‘कँडी’ मात्र वेगळ्या घरची, पण शेजारची. संस्कृत ‘खंड’ म्हणजे तुकडा; फारसीत त्याचे ‘कंद’, अरबीत ‘कंदी’, फ्रेंचांकडे ‘स्युक्र कांदी’ आणि इंग्रजांकडे ‘शुगर कँडी’. शर्करा-खंड ही जोडी हातात हात घालून पश्चिमेला गेली आणि तशीच उभी राहिली.

माझे एक स्नेही आहेत. त्यांना माझ्यासारखाच विकार आहे. त्यांनी शुगर सोडली आणि जॅगरी धरली. चहात सॅकरिनची गोळी टाकतात. मी त्यांना म्हटले, “राव, तुम्ही शर्करा सोडून शर्करा धरलीत, आणि वर शर्करा घालता आहात!” शब्दांचे सोडा, रक्तालाही गुळाचे आणि साखरेचे अंतर फारसे कळत नाही, हे त्यांना डॉक्टरांनी पुढे सांगितलेच.

गोड शब्द, कडू वाट

हे सारे वाचून छाती फुगू लागली असेल, तर वाचकहो, जरा थांबा. हा शब्द पुढे ज्या वाटेने गेला ती वाट चांगली नाही.

१४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याने उसाचे बेणे अमेरिकेकडे नेले. पुढच्या तीन-साडेतीन शतकांत आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसे गुलाम म्हणून जहाजांत कोंबली गेली. त्यांतली फार मोठी संख्या ब्राझील व वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांकडे गेली. युरोपच्या चहात साखर पडावी म्हणून हे घडत होते.

गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा मळेवाल्यांनी नवे मजूर शोधले, आणि ते शोधले आपल्याकडे. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास सुरुवात झाली. पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे तेथे गेली. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे गेली, आणि त्यांत कोकणातली व देशावरची मराठी माणसे होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या पायऱ्या चढून ती वर गेली, त्या पायऱ्या आज आप्रवासी घाट म्हणून जपलेल्या आहेत. मॉरिशसमध्ये त्यांचे वंशज आजही मराठी म्हणवतात आणि गणपती बसवतात.

मॉरिशसची बोली फ्रेंचपासून झालेली. तेथे साखरेला ‘दिसिक’ म्हणतात. फ्रेंच ‘द्यु स्युक्र’ या दोन शब्दांचे ते एक झालेले रूप. रत्नागिरीकडचा एखादा माणूस तेथे पहाटे घंटेवर उठून ऊस तोडायला जात असेल, मुकादम त्याला ‘दिसिक, दिसिक’ म्हणून ओरडत असेल, आणि या माणसाला वाटत असेल की हा परका देश, परके धनी, परका शब्द. त्या शब्दात आपल्याच चुलीजवळची साखर आहे, आणि ती इराण, अरबस्तान, फ्रान्स असा फेरा घालून आपल्याला राबवायला येथे उभी आहे, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून मी आता ‘साहेबाने शब्दही आपलाच नेला’ असे म्हणत नाही. शब्द कोणी चोरून नेला नाही. तो मालाबरोबर, गोणीवर बसून, बाजारातून बाजारात गेला. इराण्याने तो जपला, अरबाने पसरवला, फ्रेंचाने बारीक केला, इंग्रजाने त्याला नवा उच्चार दिला. आपण त्याला जन्म दिला हे खरे. पण त्याची पुढची कमाई आणि पुढची पापे, दोन्ही अनेकांची आहेत.

पाटी बदलली

हे सगळे कागदावर उतरवून यंदा नवरात्रानंतर मी पुन्हा लॅबमध्ये गेलो. रक्तही द्यायचे होतेच. गर्दी ओसरल्यावर कागद त्याच्या हातात दिले आणि म्हटले, “अरे, त्या पाटीवरचं खोटं आहे. मी तुला खोटं शिकवलं होतं.”

त्याने उभ्या उभ्याच सारे वाचले. मध्येच हसून म्हणाला, “सर, पण संस्कृतात ‘गर’चा अर्थ काय होतो?”

“विष,” मी म्हणालो. “गरळ शब्द आठव. ‘सु-गर’ म्हणजे फार तर चांगलं विष!”

“मग माझ्या पेशंटांपुरतं तरी तुमचं खरंच होतं की!”

दोघेही हसलो. मग त्याने कागदांची घडी केली आणि जरा वेळाने विचारले, “सर, म्हणजे त्या दिवशी मी विचारलं ते बरोबर होतं?”

“बरोबर होतं. साखर हाच खरा धागा होता. तुला खाली बसवायला नको होतं.”

तो काही बोलला नाही. स्टूल घेऊन वर चढला आणि चौकट भिंतीवरून काढली. आतला कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर त्याने लाल पेनाने लिहिले, ‘शर्करा – मूळ अर्थ खडा.’ आणि खाली पुन्हा बारीक अक्षरांत, ‘आमच्या सरांची शिकवण.’ मी म्हटले, “अरे, ती ओळ आता कशाला?” तर म्हणाला, “ती राहू द्या सर. पहिली पाटी तुमच्या नावावर होती, मग हीपण असू द्या.”

मी निघालो तेव्हा तो मोबाइलवर बोलत होता. दारात चपला घालताना मला ऐकू आले, “बाळ, तुला मी ते सु-गर सांगितलं होतं ना? ते चुकीचं आहे. वहीत लिहिलं असशील तर खोड. संध्याकाळी घरी आलो की नीट सांगतो.”

आणि माझा रिपोर्ट? वाचकहो, तो विचारू नका. घरी अनारशांचे तांदूळ भिजत पडले आहेत.